रात्री कवळी कुठे ठेवता?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा दातांचा दवाखाना शेलारला आहे. भिवंडीतून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदीनाक्याला कामवारी नदीवरचा पूल लागतो. तो ओलांडला की आमचं शेलार. आजूबाजूला यंत्रमाग आहेत, त्यामुळे दवाखान्याचं दार उघडं राहिलं तर पेशंटचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. माझ्याकडे येतात ते माग चालवणारे कारागीर, कांड्या भरणाऱ्या बायका, गावातले जुने आगरी शेतकरी, गोदामातले हमाल आणि टेम्पोवाले. यांतल्या पुष्कळांच्या तोंडात दोन, चार किंवा सहा बसवलेले दात असतात. काढता-घालता येणारे. कोणी त्याला प्लेट म्हणतं, कोणी नुसतंच ‘बनवलेले दात’. आपण त्याला अर्धी कवळी म्हणू.

अशा प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘रात्री ही कुठे ठेवता?’ बहुतेक वेळा समोरचा माणूस गोंधळून माझ्याकडे बघतो. ‘कुठे म्हणजे? तोंडातच!’

आज मला बोलायचं आहे ते या ‘तोंडातच’बद्दल.

काही वर्षांपूर्वी एक चाचा आले होते. आयुष्य मागावर गेलेलं, वय साठीच्या पुढे, मधुमेह. तक्रार एवढीच, की तोंडाला वास येतो आणि नातू जवळ येत नाही. वरचे पुढचे तीन दात बसवलेले होते. मी प्लेट काढायला सांगितली तर म्हणाले, ‘डॉक्टर साहब, ये तो निकलती ही नहीं.’ निघत नव्हती असं नाही. बसवल्यापासून त्यांनी ती काढलीच नव्हती! अडीच-तीन वर्षं. बाहेरून ते रोज ब्रश करत होते, समोरचे दात पांढरेशुभ्र होते. हळूहळू ती सोडवली, तेव्हा टाळूवर प्लेटच्या आकाराचा लालभडक डाग होता, जणू कोणी पेन्सिलीने कडा आखून आत रंग भरला असावा. आणि ज्या दोन दातांना तारेचे हूक अडकवले होते, ते दोन्ही हिरडीपाशी किडून निम्मे झाले होते. तीन दातांसाठी आलेल्या माणसाला आता पाच दात बसवायचे होते. त्यांना दुखत मात्र काहीच नव्हतं.

ही न दुखण्याची गोष्टच सगळ्यात वाईट. दुखलं असतं तर ते आधी आले असते.

तोंडात नेमकं काय होतं ते आधी समजून घेऊ. दात खरा असो की बसवलेला, तो घासून स्वच्छ केला की काही मिनिटांतच त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा अगदी पातळ थर चढतो. त्या थरावर जंतू येऊन चिकटतात, वाढतात आणि त्यांचा एक बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की जे लागतं, ते हेच. नुसत्या चुळा भरून हा पापुद्रा जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. तसाच राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचा दगड होतो. मग तो ब्रशलाही दाद देत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक अर्ध्या कवळ्या अ‍ॅक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस हे प्लॅस्टिक दंतवैद्यकात आलं. त्याआधी कवळ्या कडक केलेल्या रबराच्या करत, आणि त्यांना वास फार लागे. अ‍ॅक्रिलिक त्या मानाने कितीतरी चांगलं, पण ते काचेसारखं गुळगुळीत नसतं. डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं त्यात असतात आणि तोंडाला लागणारी आतली बाजू तर पॉलिशही केलेली नसते, कारण ती टाळूवर नेमकी बसायला हवी. म्हणजे जंतूंना बसायला जागाच जागा. त्यात या प्लेटखाली लाळ फिरत नाही. लाळ ही आपल्या तोंडाची झाडूवाली. तिचाच रस्ता बंद झाला तर खाली कचरा साठणारच. तिथे उबदार, ओलसर आणि अंधारी जागा मिळाल्यावर ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी वाढते. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही थोडीफार असते, पण तिला मोकळं रान मिळालं की टाळू लाल होतो, कधी ओठांचे कोपरे फाटतात. मधुमेह काबूत नसला, वय झालेलं असलं किंवा दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेत असलात आणि नंतर चूळ भरत नसलात, तर ती आणखी जोर धरते. चाचांच्या टाळूवर तीच होती. अशा वेळी नुसतं टाळूला औषध लावून भागत नाही. बुरशी प्लेटमध्येही असते. प्लेट स्वच्छ केली नाही तर आठ-पंधरा दिवसांत सगळं पुन्हा जैसे थे.

रात्रीचं काय? झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा थोडीफार धुलाई होते, ती रात्री जवळजवळ थांबते. म्हणून टाळूला आणि हिरड्यांना रात्रीची सहा-आठ तास सुट्टी हवी. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ माणसांचा तीन वर्षं पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्युमोनियाचा धोका साधारण दुप्पट आढळला. तोंडातली घाण झोपेत नकळत श्वासनलिकेत उतरते, असं त्याचं एक कारण मानतात. आणि अर्ध्या कवळीच्या बाबतीत आणखी एक भीती आहे. दोन-तीन दातांची लहान, सैल झालेली प्लेट झोपेत गिळली जाऊ शकते. तारेचा हूक अन्ननलिकेत रुतला तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. शिवाय अ‍ॅक्रिलिक साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, त्यामुळे ती शोधणंही जिकिरीचं होतं. याला एक अपवाद लक्षात ठेवा. दात काढल्याबरोबर लगेच प्लेट बसवली असेल, तर पहिला दिवस-रात्र ती काढू नका, असं डॉक्टर सांगतात. तिथे त्यांचं ऐकायचं.

पूर्ण कवळी आणि अर्धी कवळी यांत एक मोठा फरक आहे आणि तो पेशंटच्या ध्यानात येत नाही. पूर्ण बत्तिशी बसवलेल्या माणसाला किडायला दात उरलेले नसतात. अर्धी कवळी मात्र उरलेल्या दातांच्या जिवावर उभी असते. हूक ज्या दातांना मिठी मारून बसतो, त्या दाताच्या आणि हुकाच्या मध्ये भाकरीचा, पोह्याचा कण अडकतो. उतारवयात हिरडी खाली सरकलेली असते, दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं आणि मूळ वरच्या भागापेक्षा लवकर किडतं. हा आधाराचा दात गेला की प्लेटचा एक पाय गेला. मग नवी, मोठी प्लेट, आणि तिचा भार पुढच्या दातांवर. म्हणून मी पेशंटना सांगतो, की प्लेट एकदा घासलीत तर हुकाचे दात दोनदा घासा.

आता घासायचं कशाने? इथे आपल्या सवयी आड येतात. आमच्या भागात अजून काही घरांत राखुंडी आहे, कोळशाची पूड आहे, मीठ आहे. बायकांमध्ये मिश्री आहे. एक मावशी अभिमानाने सांगत होत्या, ‘मी तर प्लेटला पण मिश्री लावते, चकचकीत राहते.’ ती चकचकीत नव्हती, तपकिरी झाली होती! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचं नुकसान प्लेटपुरतं थांबत नाही, ती हिरड्यांतून अंगात जाते आणि तोंडाच्या कर्करोगाला निमंत्रण देते. राखुंडी, विटेची पूड, मीठ यांनी अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात आणि त्या चरांत जंतूंची वस्ती आणखी घट्ट होते. टूथपेस्टचंही तेच. दाताच्या टणक आवरणाला चालणारी पेस्ट प्लॅस्टिकला खरवडते. टूथपेस्ट आपल्या दातांना, प्लेटला साबण. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

दुसरी सवय गरम पाण्याची. भांडी उकळत्या पाण्याने निर्जंतुक होतात, मग प्लेट का नाही? कारण उकळत्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं. फरक केसाएवढाच असतो, पण तेवढ्याने प्लेट एका बाजूला बसत नाही आणि दुसऱ्या बाजूला टोचते. म्हणून पाणी साधं किंवा अगदी कोमट घ्या.

तिसरी गोष्ट आमच्या भिवंडीची खास. इथे कापड रंगवण्याचा, धुण्याचा धंदा आहे, त्यामुळे ब्लीचिंग पावडर हाताशी असते. डाईंगमध्ये काम करणाऱ्या एकाने प्लेट रात्रभर ब्लीचिंगच्या पाण्यात टाकली. सकाळी गुलाबी हिरडी पांढुरकी पडली होती आणि तारेचा हूक काळा. तो पुढे दोन महिन्यांत तुटला. ब्लीचच्या जातीची द्रावणं जंतू मारतात हे खरं, पण त्यात धातू गंजतो. धातूच्या सांगाड्याची किंवा तारेच्या हुकाची प्लेट त्यात घालूच नये. पूर्ण प्लॅस्टिकच्या प्लेटसाठीही अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०११ साली जे नियम ठरवले, त्यांत दहा मिनिटांची मर्यादा घातली आहे. तेव्हा हा प्रयोग डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. बाजारात कवळी स्वच्छ करायच्या गोळ्या मिळतात. परवडत असतील तर जरूर वापरा. पाकिटावर लिहिलं असेल तेवढा वेळ पाण्यात विरघळवून त्यात प्लेट ठेवायची आणि नंतर खळखळून धुवायची. गोळी तोंडात घालायची नाही. हेही सांगावं लागतं, कारण एकाने ती चघळली होती. आणि गोळी वापरली तरी ब्रश चुकत नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. बरीच वर्षं मला वाटायचं, की लोकांना माहिती नाही म्हणून ते प्लेट काढत नाहीत. मग एका आजींनी माझे डोळे उघडले. मी त्यांना चांगलंच रागावलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, घर एका खोलीचं. नळ बाहेर, चार घरांत एक. सुनेसमोर, जावयासमोर तोंडातले दात हातात घेऊन कुठे उभी राहू?’ मी निरुत्तर झालो. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे कारागीर एका खोलीत आठ-दहा जण राहतात. एक पाळी उठते तेव्हा दुसरी तिथेच झोपते. तिथे दात काढून वाटीत ठेवायचे म्हणजे थट्टेला निमित्त. लग्न न झालेला एखादा तरुण अपघातात पुढचे दात गमावतो, तो तर मरेल पण दात काढणार नाही. तेव्हा प्रश्न अज्ञानाचा कमी आणि लाजेचा जास्त आहे. आणि थोडा दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. प्लेट बसवली, चावा बघितला, पैसे घेतले आणि ‘रोज स्वच्छ ठेवा’ म्हणून पेशंटला दाराकडे पाठवलं, असं मीही कितीतरी वर्षं केलं. काढायची कशी, हे आरशासमोर त्याच्याकडून चार वेळा करवून घेतलं नाही. चाचांना कोणी ते शिकवलं असतं, तर ‘निकलती ही नहीं’ असं ते म्हणाले नसते.

म्हणून आज मी सगळ्यांना जमेल अशी रीत सांगतो. पाच मिनिटांची आहे. नळ, बेसिन, एकांत यांपैकी काही नसलं तरी होते. रात्रीचं जेवण झालं, की एक तांब्या पाणी आणि एक प्लॅस्टिकचं टमरेल घेऊन मोरीत जा. आंघोळीला, हातपाय धुवायला जाताच, त्यातच हे होऊन जातं. हात धुवा. खाली पाण्याने भरलेलं टमरेल किंवा जुना टॉवेल ठेवा, म्हणजे ओली प्लेट निसटली तरी फरशीवर आपटून फुटणार नाही. मोरीत फुटलेल्या कितीतरी प्लेट मी जोडून दिल्या आहेत. काढताना एकाच हुकाला ओढू नका. दोन्ही बाजूंना नखं अडकवून, दोन्हीकडून सारखं सोडवा. खालच्या जबड्याची प्लेट घोड्याच्या नालासारखी असते, ती मुठीत आवळलीत तर मधोमध तुटेल, तळहातावर हलकी धरा.

आधी साध्या पाण्याने खरकटं घालवा. मग वेगळा ठेवलेला मऊ ब्रश घ्या आणि त्यावर अंगाचा सौम्य साबण. बाहेरची बाजू घासा, पण जास्त वेळ आतली, टाळूला चिकटणारी बाजू घासा. हुकाच्या आतल्या वळणात ब्रश फिरवताना हुकाला मागून बोटाचा आधार द्या, नाहीतर तो वाकतो. साबण पूर्ण धुऊन टाका. मग आपल्या तोंडाकडे वळा. दात टूथपेस्टने घासा, हुकाचे दात सगळ्या बाजूंनी. प्लेटखालची हिरडी आणि टाळू बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून हलकेच पुसा. जीभ साफ करा. आणि प्लेट झाकणाच्या डबीत, ताज्या पाण्यात बुडवून ठेवा. झाकण हवंच. मागांच्या वस्तीत कापसाची धूळ अंथरुणावर, ताटावर, सगळीकडे बसते, ती डबीत कशी बसणार नाही? रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवू नका. सुकली तर तिचा आकार बिघडतो, आणि कागद म्हणून कचऱ्यात गेली तर शोधायची कुठे! सकाळी ते पाणी फेका, प्लेट धुवा आणि बोटांनी बसवा. दात आवळून चावून बसवू नका, हूक वाकतो.

दिवसभरात प्रत्येक खाण्यानंतर प्लेट काढून नुसती पाण्याखाली धरली आणि चूळ भरली तरी पुष्कळ. आमच्याकडचे अनेक मुसलमान पेशंट वजू करताना चूळ भरतातच. त्यांतल्या काहींनी स्वतःहून तेव्हाच प्लेट धुवायची सवय लावून घेतली आहे. एरवीही असलेल्या सवयीला नवी सवय जोडली की ती टिकते. जेवणानंतर हात धुताना, देवपूजेआधी तोंड धुताना, ज्याची त्याने वेळ ठरवावी. आणि रात्री ज्यांना अजिबात काढता येत नाही त्यांना मी सांगतो, दिवसा निदान दोन-तीन तास तरी काढा, पण झोपण्याआधी घासल्याशिवाय पुन्हा घालू नका. ही तडजोड आहे, योग्य ते रात्री काढणंच.

नायलॉनच्या लवचीक प्लेट अलीकडे बऱ्याच आल्या आहेत. त्या तुटत नाहीत, हूक दिसत नाही, म्हणून लोकांना आवडतात. पण त्यांवर चहा, हळद, पान यांचे डाग लवकर बसतात आणि एकदा खरखरीत झाल्या की पुन्हा पॉलिश करणं कठीण. त्यांना ब्रश आणखी मऊ हवा.

दोन धोक्यांबद्दल बोलतो आणि थांबतो. पहिला ‘फिक्स’चा. ‘काढायची कटकटच नको, अर्ध्या तासात फिक्स करून देतो’, असं सांगणारे बिनडिग्रीचे लोक कामगार वस्तीत नेहमी भेटतात. ते शेजारच्या दातांना तार गुंडाळून वर पटकन घट्ट होणारं प्लॅस्टिक ओततात. ते निघत नाही, त्यामुळे साफही होत नाही. खाली हिरडी सडते आणि वर्ष-दोन वर्षांत चांगले दातही हलायला लागतात. खरा पक्का ब्रिज वेगळा असतो. तो मापं घेऊन, प्रयोगशाळेत बनवून बसवतात. नोंदणीकृत दंतवैद्याकडूनच काम करून घ्या. पैशांची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून हे काम करत आहे, आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी आणि काम नीट होतं.

दुसरा धोका जखमेचा. प्लेट टोचली की तोंडात फोड येतो, डॉक्टरने कड घासून दिली की आठ-दहा दिवसांत तो भरतो. पण तंबाखू, गुटखा, मावा खाणारा माणूस प्रत्येक जखमेचं खापर प्लेटवर फोडतो. असा एक हमाल घरीच कानशीने प्लेट घासत राहिला, तीन महिने. जखम प्लेटची नव्हतीच. त्याला परळला टाटा रुग्णालयात पाठवावं लागलं. वेळेत गेला म्हणून आज तो हिंडतो-फिरतो आहे. दोन आठवड्यांत भरली नाही अशी तोंडातली कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा डॉक्टरला दाखवा. प्लेट रोज काढणाऱ्याला हे लवकर दिसतं. न काढणाऱ्याच्या ते झाकलेलंच राहतं. आणि काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा प्लेट घेऊन डॉक्टरकडे जाच.

त्या चाचांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. टाळू पंधरा दिवसांत बरा झाला. किडलेल्या दोनांपैकी एक दात वाचला, एक गेला. नवी प्लेट दिली तेव्हा आरशासमोर बसवून त्यांच्याकडून ती चार वेळा काढून-घालून घेतली. पुढच्या खेपेला ते आले ते नातवाचा हात धरून. मी नेहमीचा प्रश्न विचारला. चाचांच्या आधी नातवानेच उत्तर दिलं, ‘डब्यात. पाणी मीच भरतो.’

तुमच्या घरात कोणी बनवलेले दात वापरत असेल, तर त्यांची थट्टा करू नका. एक झाकणाची डबी मात्र आजच आणून द्या.